जी. ए. कुलकर्णी यांची कथा : वाचकप्रतिसाद आणि ‘दुर्बोधते’चा प्रश्न (चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचनसंदर्भात)

मराठी कथासाहित्यात जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) यांच्याइतका परस्परविरोधी वाचकप्रतिसाद क्वचितच दुसऱ्या कथाकाराच्या वाट्याला आला असेल. एकीकडे त्यांच्या कथांची पारायणे करणारा, त्यांचे नाव केवळ ‘जीए’ एवढ्या दोन अक्षरांनी आणि काहीशा भक्तिभावाने घेणारा वाचकवर्ग आहे. दुसरीकडे ‘भाषा फार सुंदर, पण नेमके काय म्हणायचे आहे ते कळत नाही’ अशी तक्रार करणारा वाचकही तितकाच जुना आहे. हे दोन्ही प्रतिसाद पुष्कळदा एकाच वाचकाच्या ठिकाणी एकत्र नांदताना दिसतात, ही यातील लक्षणीय बाब होय. जे कळत नाही ते पुन्हा वाचावेसे का वाटते, हा प्रश्न वाचकप्रतिसादाच्या अभ्यासात कळीचा ठरतो. प्रस्तुत लेखात ‘काजळमाया’ (१९७२) आणि त्यानंतरच्या संग्रहांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. तो करताना महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील वाचक समोर ठेवला आहे. जीएंची कथा आणि हा वाचक यांच्यात वरवर पाहता सर्वाधिक अंतर आहे. ते अंतर खरोखरच तेवढे आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रतिसादाची पूर्वपीठिका

‘दुर्बोधता’ हा शब्द मराठी समीक्षेत जीएंच्या कितीतरी आधी रूढ झाला. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहानंतर कवितेच्या दुर्बोधतेवर दीर्घकाळ वाद झाला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने कथानकाची पारंपरिक चौकट मोडली तेव्हा तोच आक्षेप कथेकडेही वळला. जीएंचे पहिले संग्रह ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०) आणि ‘हिरवे रावे’ (१९६२) हे मात्र या आक्षेपापासून बरेचसे दूर राहिले. बेळगाव-धारवाड परिसरातील मध्यमवर्गीय व निम्नमध्यमवर्गीय माणसे, त्यांची घरे, त्यांचे अपमान आणि हाती काहीच न लागणारी आयुष्ये असे या कथांचे जग होते, आणि ते वाचकाच्या ओळखीचे होते. हळदीकुंकवातील एका अपमानाभोवती फिरणाऱ्या ‘चैत्र’ या कथेवर पुढे क्रांती कानडे यांनी लघुपट केला, तर ‘कैरी’ या कथेवर अमोल पालेकर यांनी चित्रपट केला. या कथा माध्यम बदलूनही पोहोचू शकल्या, याचा अर्थ त्यांच्या आकलनात मूलभूत अडसर नव्हता.

बदल घडला तो ‘रक्तचंदन’ (१९६६) ते ‘काजळमाया’ या टप्प्यात. येथून जीएंच्या कथेत राजदरबार, विदूषक, नाव नसलेली नगरे, वाट चुकलेले प्रवासी, ज्योतिषी आणि मरणाच्या दारातील वृद्ध येऊ लागले. ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहात तर ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ अशा केवळ दोनच दीर्घकथा आहेत. त्यांतील दुसरीचे शीर्षकच मराठी वाचकाला अपरिचित होते. ‘सांजशकुन’ (१९७५) आणि ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहांनी ही वाट अधिक रुंद केली. ‘पिंगळावेळ’मधील ‘ऑर्फियस’ ग्रीक पुराणकथेला आणि ‘यात्रिक’ डॉन किहोटेच्या कथेला नव्याने सामोरी जाते. म्हणजे कथा वाचण्यापूर्वी वाचकाने आणखी काही वाचलेले असावे, अशी अपेक्षा येथे निर्माण झाली.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनकालावरून तांत्रिक वाद उपस्थित झाला आणि जीएंनी पुरस्कार परत केला. या घटनेने त्यांच्याभोवती आधीच असलेले गूढतेचे वलय दाट झाले. धारवाडमध्ये इंग्रजीचे अध्यापन करणारा, सभासंमेलनांपासून कटाक्षाने दूर राहणारा, पत्रांतून मात्र मोकळा होणारा लेखक अशी एक प्रतिमा तयार झाली. निधनानंतर प्रसिद्ध झालेली त्यांची निवडक पत्रे आणि सुनीता देशपांडे यांचे ‘प्रिय जी. ए.’ हे पुस्तक यांनी त्या प्रतिमेला आणखी रेखीव केले. परिणामी जीएंच्या कथेचे वाचन आणि जीएंविषयीचे कुतूहल यांची सरमिसळ झाली. भक्त वाचकाने कथेतील प्रत्येक अंधार हा लेखकाच्या आयुष्यातील अंधार मानला. कंटाळलेल्या वाचकाने तोच अंधार लेखकाची लकब म्हणून बाजूला सारला. कथेचा विचार दोन्हीकडे मागे पडला.

‘कळणे’ म्हणजे काय?

वाचकप्रतिसादाचा सिद्धान्त पाश्चात्त्य समीक्षेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष विकसित झाला. हान्स रॉबर्ट याउस यांची ‘अपेक्षाक्षितिजा’ची आणि वोल्फगांग इझर यांची संहितेतील ‘रिक्त जागां’ची संकल्पना आता मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. आपल्याकडे अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ कल्पिला, तोही काव्याच्या पूर्ततेसाठी आवश्यक असलेला वाचकच होय. या संकल्पनांचा ऊहापोह येथे अधिक करण्याचे प्रयोजन नाही. जीएंच्या संदर्भात त्यांचा उपयोग एवढाच की, दुर्बोधता हा केवळ संहितेचा गुणधर्म मानता येत नाही. वाचक कोणता प्रश्न घेऊन कथेकडे जातो, यावरही ती अवलंबून असते.

मराठी वाचकाला, विशेषतः महाविद्यालयीन वाचकाला, रूपककथेपुढे एकच प्रश्न विचारण्याची सवय लावली गेली आहे : ‘हे कशाचे प्रतीक आहे?’ साप म्हणजे काय, वाळवंट म्हणजे काय, आंधळा म्हातारा म्हणजे कोण? परीक्षेत पाच गुणांसाठी विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नाला उत्तर लागते, आणि मार्गदर्शक पुस्तिकांत ते तयार मिळते : ‘नियती’. जीएंच्या जवळजवळ प्रत्येक कथेखाली हा एकच शब्द लिहिता येतो आणि तो पूर्णतः चूकही ठरत नाही. येथेच खरी अडचण आहे. जे उत्तर सगळ्या कथांना सारखेच लागू पडते ते एकाही कथेविषयी काही सांगत नाही. असे उत्तर हाती आल्यावर वाचकाला दोन गोष्टी एकदम जाणवतात. एक, आपल्याला ‘अर्थ’ मिळाला. दोन, कथा वाचताना जे काही झाले त्याचा या अर्थाशी संबंध नाही. ‘कळले, पण कळले नाही’ ही जीएंच्या वाचकाची नेहमीची अवस्था येथून निर्माण होते. तिला दुर्बोधता म्हणणे ही एक प्रकारची प्रतारणाच होय, कारण तिच्यात कथेपेक्षा विचारलेल्या प्रश्नाचा वाटा मोठा असतो.

विदर्भातील वाचकाला हा भेद नवा नसावा. नागपूरच्या ग्रेस यांची कविता दुर्बोध आहे हे सर्वमान्य होते, तरीही तिच्यावर जीव लावणारा रसिकवर्ग मोठा होता. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) या संग्रहापासून या रसिकाने अर्थाची पावती न मागता कविता स्वीकारली. कवितेला दिलेली ही मुभा कथेला मात्र मिळत नाही. कथेत पात्रे असतात, घटना घडतात, म्हणून तिने शेवटी हिशेब द्यावा अशी अपेक्षा धरली जाते. नागपूरचेच समीक्षक द. भि. कुलकर्णी यांनी ‘जीएंची महाकथा’ या ग्रंथाच्या शीर्षकातच या कथेला लघुकथेच्या मापाबाहेर नेले, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. लघुकथा या प्रकारालाच गौण ठरवणारी भालचंद्र नेमाडे यांची भूमिका दुसऱ्या टोकाला आहे. आयुष्यभर प्रामुख्याने कथाच लिहिणाऱ्या लेखकाच्या संदर्भात या दोन भूमिका शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे. जीएंविषयीच्या सर्वच तक्रारी वाचकाच्या सवयीतून आलेल्या नाहीत. ‘सांजशकुन’मधील काही लघुरूपकांत प्रतीक आधी ठरलेले आणि कथा मागाहून बेतलेली वाटते. तेथे वाचकाला शोधायला काही उरत नाही. अनेक कथांत उपमांची इतकी दाटी होते की एका प्रतिमेचा ठसा उमटण्याआधीच दुसरी तिच्यावर येऊन पडते. स्त्री-पात्रे रूपककथांच्या प्रदेशात पुष्कळदा मोह किंवा मृत्यू यांच्या छायेपुरती उरतात. ज्या लेखकाने आरंभीच्या वास्तववादी कथांत स्त्रियांची इतकी भेदक चित्रे रेखाटली, त्याच्या बाबतीत हे अधिकच खटकते. भक्त वाचकाने या उणिवांकडे पाहण्याचे टाळले. एम. डी. हातकणंगलेकर यांनी ‘डोहकाळिमा’ (१९८७) या संकलनासाठी निवड केली. निवड म्हणजेच मूल्यमापन. मात्र ते निवडीचे काम वाचकांमध्ये फारसे पुढे गेले नाही.

सीमेवरचा लेखक, सीमेवरचा वाचक

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या नव्या जिल्ह्याचे दोन-तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. २०११ मध्ये दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठातून वेगळी होऊन गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठाला जोडली गेली. या भागाला ‘साहित्यापासून दूर’ मानण्याची पुण्या-मुंबईची सवय मात्र तथ्यांना धरून नाही. १९७९ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपूरला भरले आणि अध्यक्षस्थानी होते ते वामन कृष्ण चोरघडे, म्हणजे एक कथाकार. ‘पिंगळावेळ’ तेव्हा अवघी दोन वर्षांची होती. २०१२ चे संमेलन पुन्हा चंद्रपूरला झाले तेव्हा अध्यक्ष होते वसंत आबाजी डहाके. त्यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घकविता ‘काजळमाया’च्याच वर्षी, १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आली होती, आणि ती काही सोप्या वाचनाची नव्हे. बल्लारपूरच्या कागद गिरणीत याच जंगलातील बांबूचा कागद होत आला. त्यावर छापल्या गेलेल्या मजकुरात या भागातील वाचकाचा वाटा किती, हा प्रश्न निराळा.

या वाचकाचे भाषिक वास्तव मात्र गुंतागुंतीचे आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील घराघरांत झाडीबोली बोलली जाते. भामरागड-एटापल्लीकडे माडिया आणि अन्यत्र गोंडी ही अनेक विद्यार्थ्यांची मातृभाषा आहे. सिरोंच्याकडे तेलुगू कानी पडते. झाडीबोलीत ‘ळ’चा उच्चार ‘र’ होतो; ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ असतो. निळासावळा, काजळमाया, पिंगळावेळ, डोहकाळिमा : जीएंच्या संग्रहांच्या नावांतच हा ‘ळ’ किती ठाण मांडून बसला आहे, हे झाडीपट्टीतील विद्यार्थी ती नावे मोठ्याने वाचू लागला की लक्षात येते. गंमत म्हणून सोडून द्यावी अशी ही बाब नाही. जीएंच्या भाषेचे सौंदर्य म्हणून जे सांगितले जाते ते एका विशिष्ट प्रमाणभाषेच्या नादावर उभे आहे. तो नाद ज्याच्या घरात नाही त्याला तो परीक्षेच्या भाषेसारखा दुरून ऐकू येतो. या वाचकाची पहिली अडचण रूपकाची नसते, शब्दाची असते. समीक्षेने ‘दुर्बोध’ ठरवलेल्या कथा आणि त्याला प्रत्यक्षात जड जाणाऱ्या कथा या वेगळ्या असू शकतात. बेळगाव-धारवाडकडील घरगुती बोलणे, नात्यांतील टोमणे, सणावारांच्या रीती यांनी भरलेली ‘सोपी’ वास्तववादी कथा त्याला परकी वाटण्याची शक्यता अधिक. नाव नसलेल्या नगरात जाणारा नाव नसलेला प्रवासी मात्र सर्वांनाच सारखा अनोळखी असतो.

दुसरीकडे पाहता जीए स्वतःही भाषेच्या सीमेवरचेच लेखक. बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे जन्म, धारवाडसारख्या कन्नड वातावरणात आयुष्यातील कर्तेपणाची वर्षे आणि इंग्रजीचे अध्यापन. मराठी त्यांच्या भोवतालची बाजारभाषा नव्हती. ती जपून वापरायची, काहीशी एकांतातील भाषा होती. तिचे घडीव, जड आणि रोजच्या बोलण्यापासून अंतर राखणारे रूप या परिस्थितीशी निगडित असावे, असे मानण्यास जागा आहे. कन्नड आणि गोंडी या दोन्ही द्राविड कुळातील भाषा. मराठीच्या दक्षिण सीमेवरचा हा लेखक आणि पूर्व सीमेवरचा तो वाचक, दोघांनाही मराठी ही सभोवतालच्या वा घरातल्या द्राविड भाषेशी झोंबत सांभाळावी लागते. मराठी समीक्षेने जीएंच्या भाषेची चर्चा विपुल केली, परंतु या अंगाने ती फारशी पुढे नेली नाही.

‘स्वामी’ : एक शक्य वाचन

या वाचकाजवळ जीएंसाठी काही वेगळी सामग्री आहे काय, हे पाहण्यासाठी ‘पिंगळावेळ’मधील ‘स्वामी’ ही कथा उपयुक्त ठरते. प्रवासात असलेल्या एका सामान्य माणसाला आदराने मठात नेले जाते आणि मठाचा स्वामी म्हणून भूगर्भातील दालनात कायमचे ठेवले जाते. त्याला अन्न मिळते, ग्रंथ मिळतात, मान मिळतो. बाहेर जाणे तेवढे मिळत नाही. हे सारे त्याच्या आणि इतरांच्या कल्याणासाठी आहे, असे त्याला सौम्य स्वरात सांगितले जाते. अखेरीस उरते ती उजेडाच्या दिशेने वर चढणारी एक वेल.

प्रचलित अन्वयार्थानुसार ही मानवी अस्तित्वाच्या बंदिवासाची कथा आहे; पृथ्वी हाच मठ आणि जन्म हीच कोठडी. हा अर्थ अग्राह्य नाही. परंतु तो स्वीकारताना कथेतील एक ठसठशीत तपशील निसटतो. येथे कोंडणारे कोणी तरी आहेत. ते नियतीसारखे अदृश्य नाहीत. त्यांना संस्था आहे, परंपरा आहे, युक्तिवाद आहे आणि चेहऱ्यावर कनवाळूपणा आहे. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय घेणारी सत्ता ही ‘स्वामी’तील खरी भयप्रद गोष्ट आहे. ज्या प्रदेशात जंगल राखीव कोणी करायचे, खाण कोठे काढायची, गाव कोठे हलवायचे याचे निर्णय दीर्घकाळ अन्यत्र होत आले, तेथील वाचकाला ही सौम्य स्वरातील सक्ती ओळखण्यासाठी अस्तित्ववादाच्या टीपांची गरज पडू नये.

गोंड समाजाच्या मौखिक परंपरेत कोंडले जाण्याची आणखी एक कथा आहे. आद्य गोंड महादेवाकडून गुहेत कोंडले जातात आणि लिंगो त्यांची सुटका करतो. नागपूरला राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी संकलित केलेले लिंगोचे आख्यान १८६६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची गुहा या कथेशी जोडली जाते आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. ही कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला ‘गुहा म्हणजे कशाचे प्रतीक?’ असा प्रश्न सुचत नाही. कोण कोंडले गेले, कोणी कोंडले, कसे सुटले, हे त्याचे प्रश्न असतात. हेच प्रश्न ‘स्वामी’ला विचारून पाहावेत. पहिल्या दोहोंची उत्तरे कथा देते. तिसऱ्या प्रश्नापाशी ती थबकते, कारण येथे लिंगो येत नाही. माणसाऐवजी वेल वर जाते. गोंड आख्यानात सुटका समूहाची होते आणि तिच्यातून कुळे, गोत्रे, समाज उभा राहतो. जीएंच्या कथेतील माणूस एकटाच कोंडला जातो, आणि त्याच्या नाहीसे होण्याने कोणाचेही जग थांबत नाही. या दोन कथा शेजारी ठेवल्या की ‘स्वामी’तील एकाकीपणाची धार जितकी जाणवते तितकी ती ‘नियती’ या शब्दाने जाणवत नाही. आधुनिक मराठी रूपककथा कोणत्या अभावावर उभी आहे, तेही येथे दिसते. तिला श्रोते आहेत, पण समूह नाही.

यावरून मौखिक परंपरेतील वाचक हा जीएंचा आपोआप जाणता वाचक ठरतो, असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. दंडार पाहणारा, मंडईनंतर रात्रभर झाडीपट्टीचे नाटक पाहणारा प्रेक्षक कथनाच्या संकेतांत मुरलेला असतो हे खरे. पण मुद्रित पानावरील, एकट्याने आणि मनातल्या मनात वाचायची कथा ही निराळी शिस्त मागते, आणि तिच्यासाठी ग्रंथालय, वेळ व स्वस्थता लागते. शिवाय वर्गात शिरताना विद्यार्थी आपले घरचे कथाज्ञान दाराबाहेर ठेवून येतो, कारण ते येथे चालत नाही असे त्याला प्राथमिक शाळेपासून कळलेले असते. दोष असलाच तर तो या दाराचा आहे.

नियतीचा आक्षेप

जीएंच्या विरोधातील सर्वांत गंभीर प्रतिसाद दुर्बोधतेचा नाहीच; तो नियतिवादाचा आहे. दलित, ग्रामीण आणि आदिवासी साहित्याच्या चळवळींनी दुःखाला कारणे असतात आणि ती माणसांनी निर्माण केलेली असतात, हे आग्रहाने मांडले. विनायक तुमराम यांच्या ‘गोंडवन पेटले आहे’ या संग्रहाचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. या भूमिकेतून पाहता माणसाच्या सर्व धडपडीला अंधारात नेऊन सोडणारी कथा ही सुस्थित वर्गाची चैन वाटू शकते. हा आक्षेप ‘त्यांना कलाकृती कळली नाही’ असे म्हणून बाजूला सारता येण्यासारखा नाही. ‘इस्किलार’सारख्या कथेत घटनांची गुंफण अशी आहे की पात्राने काहीही केले तरी ते ठरल्याच ठिकाणी पोहोचते. सूडही तेथेच जातो आणि क्षमाही. अशा कथेतून अन्यायाचा कर्ता हळूच अदृश्य होतो. ज्याला त्या कर्त्याचे नाव घेण्याचा हक्क नुकताच मिळू लागला आहे, त्या वाचकाने या अदृश्यतेकडे संशयाने पाहणे न्याय्य आहे.

तथापि हा आक्षेप जीएंच्या सर्व कथांना सरसकट लावला की ‘नियती’ या परीक्षेतील उत्तराचीच ती उलट बाजू ठरते. एक वाचक सर्व कथांखाली ‘नियती’ लिहून गुण घेतो, दुसरा तेच लिहून गुण कापतो. ‘स्वामी’ आणि ‘इस्किलार’ यांना वेगळे करण्याचे काम दोघेही टाळतात. मेंढा (लेखा) या गडचिरोलीतील गावाने ग्रामसभेतील निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची आणि त्यासाठी अभ्यासगटात विषयाची दीर्घ चर्चा करण्याची पद्धत रुजवली. एका माणसाचा अडलेला मुद्दा तेथे मोजून बाजूला टाकला जात नाही. साहित्याच्या वर्गात एखाद्या कथेवर असे बसता आले, कोणाला कोठे अडले ते सांगू दिले, तर प्रतिसादांचे स्वरूप काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही. चाळीस मिनिटांच्या तासिकेत ते बसत नाही, हेही तितकेच खरे.

अनुवादांतील रान

जीएंच्या वाचकप्रतिसादाची चर्चा त्यांच्या अनुवादांना सहसा वगळून होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात हे वगळणे परवडणारे नाही. कॉनरॅड रिश्टर या अमेरिकन कादंबरीकाराची त्रयी जीएंनी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणली. शीर्षकांचा हा क्रमच एका संस्कृतीचा समज सांगतो : आधी रान, मग ते तोडून शिवार, मग गाव. ओहायोच्या घनदाट अरण्यात शिरलेल्या वसाहतकऱ्यांना झाडे ही शत्रू वाटतात, कारण ती सूर्य अडवतात. आयुष्यभर रान तोडणारी नायिका शेवटच्या खंडात त्याच झाडांसाठी झुरते. पुण्यातील वाचक या त्रयीत साहस आणि कष्ट वाचेल. मोह, तेंदू आणि बांबूवर ज्याचे घर चालते तो वाचक पहिल्याच कुऱ्हाडीपाशी थांबेल. त्याचे गाव रान तोडून झालेले नसते, रानातच असते. शीर्षकांचा तो चढता क्रम त्याला मान्य होण्याचे कारण नाही.

रिश्टर यांच्याच ‘रानातील प्रकाश’ या अनुवादित कादंबरीत हा प्रश्न एका मुलाच्या अंगावर येतो. लहानपणी आदिवासींनी नेलेला आणि त्यांच्यातच वाढलेला गोरा मुलगा पंधराव्या वर्षी करारानुसार जन्मदात्यांकडे परत पाठवला जातो. त्याने बूट घालावेत, त्यांची भाषा बोलावी, बाकावर बसून धडे गिरवावेत, अशी व्यवस्था होते. ती व्यवस्था प्रेमापोटीच असते. भामरागडच्या रानातून निवासी आश्रमशाळेत आलेल्या आणि माडिया घरी ठेवून मराठीत वाचायला शिकलेल्या वाचकासमोर ही कादंबरी येते तेव्हा तिच्यातील एकही प्रतीक उलगडावे लागत नाही. मात्र तिच्यातील गोरे कोण आणि आदिवासी कोण, ही मांडणी त्याच्यासाठी उलटीपालटी होते. तो मुलगा जन्माने एकीकडचा आणि वाढीने दुसरीकडचा. हा वाचक जन्म आणि वाढ एकाच ठिकाणची घेऊन तिसऱ्याच भाषेच्या बाकावर बसलेला. इंग्रजीतून धारवाडच्या मराठीत आणि तेथून माडिया बोलणाऱ्या मनात असा या कथेचा प्रवास होतो. कादंबरीच्या अखेरीस ज्या आदिवासी पित्याने त्याला वाढवले तोच त्याला नाकारतो आणि मुलगा रस्त्यावर एकटा उरतो. ‘स्वामी’तील माणसाला बाहेर पडायला वाट नव्हती, येथे वाट पुढे मोकळी आहे, पण तिच्या दोन्ही टोकांना त्याचे घर नाही.